कचेरीबाहेरचं बोलणारं मशीन

भिवंडीच्या तहसील कचेरीच्या भिंतीला लागून टायपिस्ट लोकांची रांग बसते. वर निळी ताडपत्री, खाली एकेक लाकडी टेबल, टेबलापुढं गिऱ्हाइकाला एक स्टूल. या रांगेचा कायदा कुठं लिहून ठेवलेला नाही, तरी तो मोडायची कुणाची छाती होत नाही. टेबलावर मशीन आहे तोवर जागा त्या माणसाची. तो आजारी पडो, हजला जावो, नाहीतर मुलीच्या लग्नात महिनाभर गायब होवो. खोळ घातलेलं मशीन टेबलावर दिसलं की त्याच्या स्टुलाला कुणी हात लावत नाही. मशीन हललं की जागा मोकळी. मग भांडण नाही, वशिला नाही, दुसरा येऊन बसतो.

टेमघरच्या बाळाराम भोईरनं उमेदीची सगळी वर्षं या रांगेत काढली. वारसनोंद, रेशनकार्ड, पाण्याची लाइन, बंद झालेली पायवाट. तालुक्यातलं कुठलं दुखणं त्याच्या बोटांखालून गेलं नाही ते सांगा. त्याच्या बसण्यातच ऐट होती. मशीनकडं तो ढुंकून बघायचा नाही. डोळे समोरच्याच्या तोंडावर, कान त्याच्या बोलण्यावर, आणि खाली बोटं आपापल्या वाटेनं पळत असायची. मान खाली घालून अक्षर शोधणाऱ्याला तो "कोंबडी दाणे टिपते" म्हणून हिणवायचा. स्वभाव तिखट. आत शिपायानं एखाद्या म्हातारीला अडवलं की ह्याचा आवाज नाक्यापर्यंत जायचा.

मग काचबिंदूनं गाठलं. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही गेलं. बाळारामनं ते लपवलं. बोटांना डोळे लागतात कुठं, या घमेंडीत तो रोज शेअर रिक्षा पकडून जागेवर जात राहिला. आणि एके दिवशी दापोड्याच्या गोदामातल्या एका हमालाचं प्रतिज्ञापत्र टाइप करताना त्याचे दोन्ही हात एक घर बाजूला पडले. एवढंच. एक घर. पण पानभर जे उमटलं ते कुठल्याच भाषेत बसणारं नव्हतं. हमालानं कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "चाचा, ये कौन सी भाषा है?"

रांग हसली. वाईट मनानं नाही, पण हसली. बाळारामनं कागद फाडला, मशीनवर खोळ घातली, उठला तो पुन्हा गेला नाही. मशीन मात्र तिथंच ठेवलं. घरात तो आंधळा होता. तिथं, खोळ घातलेला का होईना, तो टायपिस्ट होता.

गणपतीच्या दिवसांत एक टेम्पो रिव्हर्स घेता घेता ताडपत्रीच्या खांबाला भिडला. खांब टेबलावर आला, टेबल कलंडलं, मशीन रस्त्यावर, आणि मागचं चाक मशीनवरून गेलं. शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊन बसणारा तनवीर स्वतः टेमघरला सांगायला आला. त्याचं आणि बाळारामचं जुनं. एकानं दुसऱ्याला शिव्या दिल्याशिवाय दोघांचा दिवस सुरू व्हायचा नाही.

"बाळारामभाय, मशीन गेलं. बॉडीच चेपली."

"आणि जागा?"

"टेबल ठोकून उभं केलंय. वर माझा जेवणाचा डबा ठेवलाय, त्यावर तुझी खोळ. कोणी विचारलं तर बोलतो, मशीन आहे. पण डबा किती दिवस मशीन राहणार? दुपारी मला तो लागतो ना!"

बाळारामला हसू आलं नाही. तनवीरनं मग खरं काय ते सांगितलं. भाविक नावाचा एक पोरगा लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन जागा शोधत होता. माणूस वाईट नव्हता, घर चालवायचं होतं त्याला. रांगेनं ठरवलं होतं: दिवाळीनंतर कचेरी उघडेल त्या सोमवारी बाळारामच्या टेबलावर चालतं मशीन नसलं, तर जागा भाविकची. तनवीर भांडला होता, पण कायदा त्याच्या बाजूनं नव्हता.

"चालतं मशीन," बाळाराम म्हणाला. "आणि चालवणारा? तो कुठून आणू?"

दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या बायकोला, कमळला, लोखंडी कपाटावर एक पातळसा काळा डबा सापडला. मुलीचा, ऋतिकाचा, कॉलेजातला नेटबुक, म्हणजे लहानसा लॅपटॉप. ऋतिका लग्न होऊन कल्याणला गेली तेव्हा तिनं तो इथंच टाकला. टाकण्यासारखाच होता. चालू करून भात शिजायला ठेवावा, भात उतरावा, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. कमळनं तो फडक्यात गुंडाळला आणि भंगारात द्यायला शाहीनकडं घेऊन गेली.

शाहीनची ओळख इथं करून द्यायला हवी, कारण भिवंडीत तिच्याबद्दल फार फालतू बोललं जातं. कोकणी मुसलमान घर, वडिलांचे कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग होते, ते विकले गेले, लूमच्या शेडला टेकलेला एक गाळा उरला. त्या गाळ्यात शाहीननं दापोडे आणि वळ या गावांतल्या गोदामांनी फेकलेले कॉम्प्युटर आणून भरले आणि एकेक उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून ती शिकली. लोक कबाडवाली म्हणतात. तिला फरक पडत नाही, पण तोंडावर म्हणणाऱ्याला ती सोडतही नाही.

तिनं नेटबुक उलटा करून बघितला, झाकण उघडलं, बटणांवरून बोट फिरवलं.

"हे भंगार नाही, काकी."

"अगं मेलाय तो."

"मशीन अशी मरत नाहीत. नको ते लादून लादून मारतात त्यांना. ह्याच्यावर काय काय कोंबलंय बघा. चाळीस फुटी कंटेनर आणून छोट्या टेम्पोवर ठेवलाय, आणि म्हणतात टेम्पो चढ चढत नाही." मग तिनं सहज विचारलं, "तुमच्या घरी टायपिंग कोण करतं?"

कमळनं सांगितलं. काय सांगितलं ते तिलाच ठाऊक, पण घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "शुक्रवारी चला माझ्याबरोबर. पोरगी बोलते, तुमच्यासाठी मशीन हाय."

"मला दिसत नाय हे सांगितलंस?"

"सांगितलं. ती बोलली, बरंच झालं."

असलं उत्तर ऐकून बाळारामचं डोकं फिरलं. तो गेला तो शाहीनला चार शब्द सुनवायलाच.

शुक्रवार होता म्हणून ऐकू तरी आलं. शुक्रवारी लूम बंद. इतर दिवशी त्या गल्लीत भिंती थरथरतात, चहाच्या ग्लासात पाणी नाचतं, माणसं एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलतात. शुक्रवारी एकदम शांतता उतरते, आणि बाहेरचा माणूस आला तर त्याला आपल्या कानांचंच काहीतरी झालं असं वाटतं.

"बरंच झालं म्हणालीस?" बाळाराम दारातूनच गरजला. "माझे डोळे गेले ते बरं झालं?"

"बसा काका. तुमच्यासाठी नाही, मशीनसाठी बरं झालं." शाहीन घाबरणारी नव्हती. "ह्याचा जीव छोटा आहे. आणि हा जीव जातो कशात? पडदा रंगवण्यात. चित्रं काढा, चौकटी काढा, बाण हलवा, सावल्या पाडा. सगळी मेहनत बघणाऱ्यासाठी. तुम्ही बघणारच नाही, तर आपण ते सगळं उपटून टाकू. जुनं पुसलं मी. त्याच्या जागी लिनक्स टाकलं, त्यातलंही सगळ्यात हलकं. पडद्यावर आता काही नाही, नुसता काळोख. उरलं फक्त दोन कामांचं: तुम्ही लिहायचं, त्यानं वाचून दाखवायचं."

बाळाराम चाचपत आत आला आणि बसला. डोळे गेल्यापासून त्याच्यामुळं प्रत्येकाचं काम वाढलं होतं. कमळचं वाढलं, रिक्षावाल्याचं वाढलं, रस्ता ओलांडून देणाऱ्या परक्या माणसाचं वाढलं. त्याच्या न दिसण्यानं कुणाचं ओझं उतरेल, हे त्याला पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं. आणि ज्याचं उतरलं ते एक मशीन होतं.

खटकन बटण दाबल्याचा आवाज आला. कमळ अजून पदर सावरून बसते आहे तोवर एक आवाज म्हणाला, "तयार."

नाकातला, सपाट, ना बाईचा ना बाप्याचा. बाळारामला विश्वास बसेना. भात शिजेस्तोवर न उठणारं हेच का ते?

"हा कुठला गं?" कमळनं हळूच विचारलं. "आपल्या बाजूचा न्हाय वाटत."

"कुठलाच नाही काकी. मराठी येते त्याला, पण गाव नाही."

"मंग लग्न जमायचं कठीन हाय त्याचं."

शाहीननं बाळारामचे हात धरून बटणांवर ठेवले. दोन्ही पहिल्या बोटांखाली बारीकशा रेघा लागल्या, उंचवट्यासारख्या. "इथं हात बसला की घर चुकत नाही," ती म्हणाली. बटणं लहान होती. त्याची जाडी बोटं एका खाटेवर दोघं झोपावीत तशी दाटीवाटीनं बसली. पण बसली. बाळारामनं श्वास घेतला आणि हजारदा टाइप केलेली ओळ मारली: मी खाली सही करणार.

नेटबुकनं ती वाचली. काय वाचली! खोकला, हुंदका आणि मध्येच एखादं धडकं अक्षर. बाळारामनं पुन्हा मारली. पुन्हा तेच. कमळ सवयीनं हसली आणि लगेच थांबली, पण तोवर त्याला ऐकू गेलं होतं. शाहीनला वाटलं, माणूस विसरला. बाळारामलाही तेच वाटलं, आणि त्याला वाटलं त्याचं कुणाला काय सांगणार? डोळे गेले तेव्हा तो रडला नव्हता. त्यानं झाकण आपटून बंद केलं.

"ठेव तुझं कबाड तुझ्याकडं," तो म्हणाला, आणि कमळचा खांदा धरून बाहेर पडला.

घरी फराळाची गडबड. कमळ करंज्या लाटत होती, तो ओट्यावर बसून होता, मांडीवर हात, बोटं स्वस्थ नाहीत. त्या शुक्रवारचं एकेक अक्षर तो मनात पुन्हा मारून बघत होता. जखमेची खपली काढावी तसं. आणि काढता काढता त्याला एक गोष्ट लागली.

स मारला की ते मशीन त म्हणत होतं. पहिल्यांदाही त, दुसऱ्यांदाही त. ल मारला की ब. दोन्ही वेळा ब. आणि र? र मात्र बरोबर र.

बाळाराम ताठ बसला. बोट घसरलं तर शेजारचं अक्षर पडतं. पण त हा स-च्या शेजारी राहत नाही, तो दुसऱ्या हाताला, वरच्या ओळीत राहतो. आणि बोट विसरलं तर ते रोज नवी चूक करतं, कधी हे, कधी ते. एकच चूक पुन्हा पुन्हा, इतक्या इमानानं, विसरलेलं बोट करत नाही.

"कमळ!"

"काय झालं? तेल हाय चुलीवर, वरडू नका."

"माझी बोटं बरोबर हायत! त्या डब्यात अक्षरंच दुसऱ्या घरात राहतायत!"

शुक्रवारपर्यंत थांबणारा तो नव्हता. कढई उतरवायला लावून त्यानं कमळला तस्संच बाहेर काढलं. मधल्या वारी, भर शिफ्टमध्ये, लूम धडधडत असताना दोघं शाहीनच्या गाळ्यात शिरले. बाळाराम ओरडत होता आणि त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता. न दिसणाऱ्या माणसाचे कान गेले की काय उरतं? जमीन पायाखाली थरथरते एवढंच कळतं. क्षणभर तो भेदरला.

पण शाहीन लूमवाल्याच्या घरात वाढलेली पोर. ती ओठ वाचते. त्याच्या तोंडाकडं बघूनच तिला सगळं कळलं. तिनं कपाळावर हात मारला. टाइपरायटरवरची अक्षरांची मांडणी वेगळी असते, हे तिला कोण सांगणार? तिच्या पिढीनं टाइपरायटरला हात लावलेला नाही. तिनं सरकारी मांडणी टाकली होती, कॉम्प्युटरबरोबर येते ती. तिनं त्याच्या कानाला तोंड लावून ओरडून विचारलं, "कुठलं अक्षर कुठं, सांगा!"

बाळाराम सांगायला गेला आणि अडकला. स कुठं? उजवीकडं... कितवं? त्याला सांगता येईना. अक्षराची जागा त्याला ठाऊकच नव्हती. ती बोटांना ठाऊक होती, आणि बोटांना तोंड नव्हतं.

"शब्द बोला!" ती कानात ओरडली. "बोलता बोलता मारा! मी बघते!"

मग त्या गाळ्यात जे झालं ते कमळनं बघितलं आणि पुढं कित्येक दिवस ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. भिंतीपलीकडं लूमचा कल्लोळ. झाकण उघडं पण चालू न केलेल्या नेटबुकवर बाळारामची बोटं. तो एकेक शब्द मोठ्यानं म्हणत होता, जो कुणालाच ऐकू येत नव्हता: सरकार. तहसीलदार. कुटुंब. वारस. रहिवासी. शाहीनची नजर एकदा त्याच्या ओठांवर, एकदा त्याच्या बोटांवर. ओठावरून शब्द, बोटावरून घर. एकाला दिसत नाही, दोघांनाही ऐकू येत नाही, आणि तरी त्याच्या हातातली सगळी वर्णमाला, जी त्यानं आयुष्यात कधी मोजून बघितली नव्हती, ती एक एक करून तिच्याकडं चालली होती.

"विनंती"पाशी शाहीननं त्याचं मनगट पकडलं. वि म्हणताना त्यानं आधी वेलांटी मारली होती, मग व. चुकलं म्हणून तिनं पुन्हा मारायला लावलं. पुन्हा आधी वेलांटी.

"आधी?" ती कानात ओरडली.

"आधीच!" तो उसळला. "कागदावर डावीकडं कोण येतं? वेलांटी! मग आधी कोण मारायचं? तुझा बाप?"

कमळनं जीभ चावली. शाहीन हसली, तिचा हात थरथरला, त्यावरून बाळारामला ते कळलं. कॉम्प्युटरला अक्षर आधी लागतं, वेलांटी मागून. ह्याची बोटं आता बदलायची नाहीत. मग मशीनला शिकवावं लागेल: वेलांटी आली की हातात धरून थांब, अक्षर आलं की त्याच्या स्वाधीन कर. शाहीननं तेच केलं. त्याच्या बोटांची मांडणी तिनं आपल्या हातानं त्या मशीनमध्ये बसवली, घरं बदलली, वेलांटीला थांबायला शिकवलं. लाखो माणसं वापरतात ती मांडणी बाजूला सारून, टेमघरच्या एका म्हाताऱ्याच्या हाताच्या मापानं. बाजारातून नवं, भारीतलं मशीन आणलं असतं तर माणसानं मशीनला जुळवून घेतलं असतं. हा टाकाऊ डबा माणसाला जुळला.

शुक्रवार आला. लूम थांबले. बाळारामनं रेघा चाचपल्या आणि लिहिलं. शेवटचं बटण दाबून हात मांडीवर घेतले, परीक्षेला बसल्यासारखे.

"मी खाली सही करणार बाळाराम भोईर," तो नाकातला आवाज म्हणाला, "राहणार टेमघर."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाळारामनं हात पुढं करून त्या डब्याची कड चाचपली, वासराची मान चाचपावी तशी. त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवलं होतं. कागदानं उलट बोलून दाखवलेलं तो पहिल्यांदा ऐकत होता.

सोमवारी तो कमळ आणि शाहीनबरोबर जागेवर पोचला तेव्हा भाविक आधीच प्रिंटर घेऊन टेबलापाशी उभा होता. तनवीरनं खोळ काढली, डबा उचलला. "चला, माझं जेवण सुटलं एकदाचं." बाळारामनं नेटबुक ठेवला. त्या मोठ्या टेबलावर तो एखाद्यानं पाकीट विसरावं तसा दिसत होता.

"काका," भाविक म्हणाला, "हा लॅपटॉपचा नातू हाय का?"

रांग हसली. तेच हसणं. बाळारामची कानशिलं तापली.

"नातू चालतो. तुझ्या आजाला चालवून दाखवू का?"

"चिडू नका ना काका. ठरलंय ते ठरलंय. चालतं मशीन पाहिजे. गिऱ्हाइकाचा अर्ज करा, गिऱ्हाइकानं घेतला तर जागा तुमची. मी प्रिंटर उचलून जातो."

सगळ्यांनाच ते पटलं. गिऱ्हाईक मात्र कुणी पुढं येईना. आंधळ्या टायपिस्टपुढं कोण बसणार? शेवटी वळ गावची काशी बसली, आणि तीही दुसऱ्या टेबलांवर गर्दी होती म्हणून. काशी गेली कित्येक वर्षं कचेरीला खेटे घालते. तिला वाचता येत नाही. एकेका अर्जावर अंगठा उठवून उठवून तिचा अंगठा साहेबाच्या सहीपेक्षा जास्त कागदांवर गेला असेल.

"बोल मावशी."

काशी बोलली. तिच्या घराच्या वरच्या अंगाला गोदाम झालं. गोदामवाल्यानं नाल्यात भराव टाकला. आता पाणी तिच्या घरात शिरतं, धान्याच्या कोठीपर्यंत. बाळारामची बोटं पळायला लागली. मशीन एकेक शब्द त्याच्या कानाशी पुटपुटत होतं आणि तो पुढं जात होता. रस्त्यावर कंटेनर हॉर्न देत होते. मशीनचा आवाज बुडू नये म्हणून शाहीननं त्याला एक जुना स्पीकर जोडला होता. शेवटची ओळ झाली. बाळारामनं वाचायचं बटण दाबलं.

"विषय, घरात पाणी शिरण्याबाबत. महोदय, मी वळ गावची रहिवासी असून, पावसाळ्यात माझ्या घरात पाणी साचते. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती."

एकही अक्षर चुकलं नव्हतं. तनवीर म्हणाला, "वाह!" बाळारामनं छाती भरून श्वास घेतला.

"ह्यो कोनाचा अर्ज?" काशीनं विचारलं.

"तुझाच की मावशी."

"माझा? मंग गोदामवाला कुठं गेला?"

बाळाराम गोंधळला. "अर्जात तसं नाव घालत नाहीत. साहेबाला आवडत नाही. असंच लिहितात."

"कोन असंच लिहितात? मी तुला काय सांगितलं? भराव कोनी टाकला? पावसाचं नाव कशाला घेतलंस? पाऊस काय काल पडायला लागला वळात? माझी सासू त्याच घरात म्हातारी झाली, तवा नाय शिरला पानी!" काशीचा आवाज चढत गेला आणि मग एकदम खाली आला. "आधीच्या सगल्या अर्जांत बी असंच लिवलंय? मी अंगठा दिला त्यांच्यात?"

रांगेतल्या प्रत्येक टेबलाला उत्तर ठाऊक होतं.

बाळारामच्या जिभेवर शिवी आली होती. इतक्या वर्षांत त्याचा अर्ज कुणी परत केला नव्हता. आणि तेवढ्यात त्याला कळलं, का केला नव्हता ते. कुणी ऐकलाच नव्हता. कागद पुढं सरकवला, अंगठा उठला, माणूस गेला. ज्याचं दुखणं त्यालाच आपलं दुखणं काय लिहिलंय ते कळलं नव्हतं, आणि हे भिवंडीत रोज, दिवसाढवळ्या, कायद्यानं चाललं होतं. एक भंगारातला डबा बोलला म्हणून ते उघडं पडलं. त्याचे हात गार पडले. भीतीनं नाही, समुद्र पहिल्यांदा बघणाऱ्याचे पडतात तसे.

"पुन्हा सांग मावशी," तो म्हणाला. "सावकाश सांग. तू बोलशील तेच."

काशीनं सांगितलं. गोदाम कुठलं, मालक कोण, भराव कुठल्या बाजूनं आला, मातीच्या गाड्या कधी आल्या. बाळारामनं एक शब्द गाळला नाही. मशीननं वाचलं. तोच सपाट आवाज, ना राग, ना रडं. पण आता त्या आवाजात काशी होती. गोदामवाल्याचं नाव आलं तेव्हा तिनं मान हलवली. कोठीतलं भिजलेलं भात आलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

"हां," ती म्हणाली. "ह्यो माझा."

तनवीरच्या स्टुलावर बसलेला एक माणूस उठून उभा राहिला. "मास्तर, माझा पण वाचून दाखवा ना, काय लिहिलंय ते."

"माझं मशीन मुकं आहे बाबा," तनवीर म्हणाला. "त्या बोलणाऱ्यासमोर जाऊन बस. बाळारामभाय, माझी गिऱ्हाइकं पळवायला आलास का रे?"

"तू डबा ठेवून जागा राखलीस, भोग आता."

भाविकनं प्रिंटरची वायर गुंडाळली. जाता जाता तो शाहीनपाशी थांबला. "ताई, माझ्या लॅपटॉपात बसेल का हे बोलणं?"

"बसेल की. आरामात बसेल. तू आधी टेबल तर शोध."

तनवीरच्या प्रिंटरमधून काशीचा कागद बाहेर आला. तिनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदापर्यंत नेला आणि तिथंच थांबवला.

"आजून एकदा वाच," ती मशीनला म्हणाली. बाळारामला नाही, मशीनला.

बाळारामनं बटण दाबलं. ताडपत्रीखालची सगळी रांग हातातलं काम सोडून ऐकत राहिली, आणि वाचन शेवटच्या शब्दापर्यंत पोचेस्तोवर काशीचा निळा अंगठा कागदाच्या वर, अधांतरी, तसाच होता. मग तो खाली आला.